तासभर शिळं उत्तर

ऑफिससमोरच्या वाचनालयाची वेबसाइट तिनेच बांधली होती. पुस्तक आत आहे की बाहेर, हे बघायला लोकांची दिवसभर झुंबड उडायची आणि दर वेळी डेटाबेसमध्ये जाऊन उत्तर शोधताना साइटला धाप लागायची. मग तिने मध्ये कॅश बसवली: डेटाबेसने एकदा दिलेलं उत्तर तासभर मेमरीत ठेवायचं आणि विचारणाऱ्याला तिथूनच द्यायचं. साइट पळायला लागली. ग्रंथपालबाई जाम खूश झाल्या.

तिसऱ्या दिवशी तिला त्यातली गोम कळली. पुस्तक परत आलं की डेटाबेसमध्ये नोंद लगेच व्हायची, पण मेमरीतलं जुनं उत्तर तासभर ‘बाहेर’ म्हणून हटून बसायचं. नोंद होताच ते पुसून टाकणारी कोडची एक ओळ लिहिली की काम फत्ते. ती लिहायला बसलीही. पण नेमकी तेव्हाच, सगळं गाव जिच्यावर टपून बसलं होतं त्या रहस्यकथेची एकुलती एक प्रत परत आली. तिने थेट डेटाबेसला विचारलं, रस्ता ओलांडला आणि पुस्तक पिशवीत टाकून आली. ओळ राहिली ती राहिलीच.

महिनाभरात अशी पाच पुस्तकं घरी आली. सासूबाईंचा जळफळाट व्हायचा. त्याही त्याच पुस्तकांवर डोळा ठेवून मोबाइल घासत बसायच्या आणि ‘बाहेर’ वाचून उसासे टाकायच्या. सून नशीबवान, असं त्या म्हणायच्या. पण टेलिफोन ऑपरेटर म्हणून उभा जन्म काढलेल्या बाईला असलं नशीब फार दिवस पटत नाही. सहाव्या वेळी त्यांनी साइटचा नाद सोडला आणि सरळ ग्रंथपालबाईंना फोन लावला.

जेवणाच्या सुट्टीत सून धावतपळत पोचली, तेव्हा सासूबाई वाचनालयातल्या बाकावर बसून, ती ज्यासाठी धावत आली होती त्याच पुस्तकाच्या विसाव्या पानावर होत्या.

“साइट म्हणते बाहेर आणि पुस्तक होतं समोरच्या कपाटात,” त्या म्हणाल्या. “तुला हे कधीपासून ठाऊक आहे?”

तिचा चेहरा उतरला. तिने सगळं कबूल केलं आणि आजच ती ओळ लिहिते म्हणाली.

सासूबाईंनी शांतपणे पान उलटलं. “एवढी घाई काय आहे? याचा पुढचा भाग गुरुवारी येतोय. शुक्रवारी लिही.”

मागे ग्रंथपालबाई उभ्या आहेत, हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. ओळ तिथेच, त्यांच्या टेबलाशी बसून, त्यांच्या नजरेखाली लिहावी लागली. पुढच्या भागाच्या यादीत दोघींना पार शेवटी टाकलं गेलं: सूनबाई त्रेचाळिसाव्या, सासूबाई चव्वेचाळिसाव्या. त्या एका आकड्यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे.