माझ्या पोटातली दोन बोटं

मी उत्तरेकडची भिंत बोलतेय. जाडी चौदा इंच, आणि ती सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही.

माझ्या जागी आधी नऊ इंची, भरीव विटेची भिंत होती. थंडी पडली की बिचारी आतून ओली व्हायची. या घरच्या शिंपीणबाईचे वडील दम्याचे. दर हिवाळ्यात त्यांची पिशवी भरायची आणि त्यांना दूर धाकट्या मुलाकडे धाडायचं, हे ठरलेलं. ते जाताना मागे वळून बघायचे नाहीत म्हणे.

घर नव्याने बांधायला काढलं तेव्हा बाई मिस्त्रींना म्हणाली, "काका, मला एवढंच हवंय. बाबा थंडीत इथेच राहिले पाहिजेत."

"मग दीड विटेची भिंत घालू की!"

"नुसतं जाड कापड जड होतं, उबदार नाही. कोटाला अस्तर लागतं, मधे कापूस लागतो."

"भिंतीला अस्तर! आता बटणंही लावू का?"

बाई हसली, पण हटली नाही. आत हलके ठोकळे, त्यांना लगटून लोकरीच्या जाड चादरी, मग दोन बोटं पोकळी आणि बाहेर वीट, असं माझं अंग ठरलं. नवरा कुरकुरला, "भिंत एवढी फुगली तर तुझं कापायचं टेबल कुठे मावणार?" तिने दुसऱ्याच दिवशी सुताराकडून टेबल पाच इंच कापून आणलं. तेव्हापासून मी तिची झाले.

खरी गोम पोकळीत होती. थापीवरचा सिमेंट-वाळूचा जादा माल आत सोडून द्यायचा, ही मिस्त्रींची चाळीस वर्षांची सवय. तो माल आत अडकून वाळला की त्याचा पूल होतो आणि ओल त्यावरून ऐटीत घरात येते. म्हणून बाईने पोकळीत दोरीने एक फळी टांगायला लावली. दर चार थरांनी ती वर ओढायची, माल खरवडायचा, पुन्हा सोडायची. चार दिवस सगळं नीट चाललं. पाचव्या दिवशी बाई मापं घ्यायला बाहेर गेली आणि मिस्त्रींनी फळी बाजूला ठेवली.

संध्याकाळी तिने आपल्या टेपला किल्ली बांधून पोकळीत सोडली. सात फूट जायला हवी होती, पाचावरच अडली.

"तोडा," ती म्हणाली.

"अहो बाई, आतलं कोण बघतंय?"

"थंडी बघेल."

मिस्त्री धुसफुसत होते, पण अकरा विटा निघाल्या. अडकलेला माल निघाला तेव्हा कुठे मला मोकळं वाटलं.

हिवाळा आला. बाबांनी सवयीने पिशवी भरून दाराशी ठेवली. त्यांची खाट मला टेकून होती. बाहेर माझ्या विटा गारठून गेल्या, पण आत मी कोरडी ठणठणीत! आठवडा गेला, महिना गेला, बाबा शांत झोपत होते. मला तर ओरडून गावाला सांगावंसं वाटत होतं.

मग एकदा मिस्त्री आले. माझ्यावर हात फिरवला, गालही टेकवून पाहिला.

"बाई, ती फळी देता का? पुढच्या घराला लागेल."

जिंकले की हो मी!

तेव्हा मंडळी, घर बांधाल तेव्हा भिंतीचा रंग नंतर निवडा, आधी तिचं पोट बघा. आणि बाबांची पिशवी? ती काल त्यांनी स्वतःच्या हातांनी रिकामी केली आणि लेकीला देऊन टाकली, चिंध्या भरायला.