रंगीत अळूचं बी

रविंद्र इंदापूर तालुक्यात कृषी सहायक होता आणि अळी हा त्याचा लाडका विषय होता. हरभऱ्यावरची घाटेअळी म्हणा, वांग्यातली म्हणा, तो बोलायला उभा राहिला की खाली बसायचं विसरायचा. "रोज सकाळी पिकातून चक्कर मारा, पान उलटून बघा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. शेतात गेल्यावर मात्र पान उलटायचं काम तो शेतकऱ्यालाच सांगे. कारण अळी नुसती दिसली तरी साहेबांच्या मानेपासून कमरेपर्यंत काटा येई. हे फक्त बायकोला, करुणाला ठाऊक होतं.

करुणा बारामतीच्या शाळेत मराठी शिकवायची, म्हणून बिऱ्हाड बारामतीत आणि रविंद्र रोज एसटीनं इंदापूरला. सत्त्याण्णव साली त्यांनी नवा ब्लॉक घेतला, तेव्हा करुणानं बाहेरच्या खोलीत रंगीत अळूच्या कुंड्या मांडल्या. पानं गुलाबी, कडा हिरव्या. एक कुंडी टीव्हीवर, एक शोकेसवर, एक सोफ्यामागच्या फळीवर. येणारा पाहुणा आधी कुंड्यांचं कौतुक करी, मग पाणी मागे.

श्रावणात पानांना भोकं पडायला लागली.

"अहो, बघा ना जरा. तुमच्याच खात्याचं काम आहे."

रविंद्रनं हात पाठीमागं बांधून लांबूनच पाहणी केली. "पोटॅशची कमतरता," त्यानं सांगून टाकलं आणि चमच्यानं खत घातलं. भोकं वाढली. "मग पंख्याचं वारं लागतंय." पंखा बंद झाला. घरातली माणसं घामाघूम झाली आणि भोकं वाढतच राहिली.

पुढं टीव्हीवर काळे, मिरीसारखे दाणे पडलेले दिसायला लागले. रविंद्र हरखला.

"करुणा, झाडानं बी धरलंय!"

"फूल न येताच?"

"काही जातींत येतं तसं," तो म्हणाला. आपला आवाज इतका ठाम कसा निघाला, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानं दाणे कागदाच्या पुडीत गोळा केले आणि वरच्या मजल्यावरच्या विजयमालाबाईंना दिले. बाईंनी ते गच्चीतल्या मिरचीच्या कुंडीत कडेकडेनं पेरले, मनोभावे पाणी घातलं. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "भाऊ, कधी उगवायचं हो ते?"

"जरा वेळ घेतं," रविंद्र सांगायचा.

एका रविवारी वरकुट्याचे शेतकरी मानसिंगराव आले. बारामतीच्या बाजाराला आले होते, साहेबांच्या घरी चहा घेऊन जावं म्हणून डोकावले आणि सोफ्यावर बसले. सहज वांग्याचा विषय निघाला. रविंद्रला तेवढंच हवं होतं.

"मानसिंगराव, आपल्या लोकांचं चुकतं ते निरीक्षणात. अळी काय एका दिवसात मोठी होते? आपल्या डोळ्यांदेखत वाढत असते ती. पण बघायची सवय..."

एवढ्यात मानसिंगरावांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर वरून काहीतरी टपकलं. बोटाएवढं जाड, मातकट हिरवं. पुढं दोन मोठे डोळे, मागं शेपटीवर शिंग. त्यानं मान उचलून थेट रविंद्रकडं पाहिलं. निदान त्याला तसं वाटलं.

"साप!" साहेब ओरडले ते समोरच्या दिवाणावर उभे राहूनच. हातातला चहा भिंतीवर गेला.

मानसिंगरावांनी मान वळवून खांदा बघितला. "साप कशाचा सायेब, अळी हाय." त्यांनी ती बशीत झटकली आणि फळीवरच्या कुंडीकडं पाहिलं. "आन् वर बगा की. त्या पानाखाली आनि येक हाय. त्या टीवीवरल्या कुंडीत बी हायती."

करुणानं टीव्हीवरच्या काळ्या दाण्यांकडं पाहिलं, कुरतडलेल्या पानांकडं पाहिलं, मग दिवाणावरच्या नवऱ्याकडं पाहिलं.

"म्हणजे ते बी..."

"करुणा, पाहुण्यांसमोर नको."

पण ती खाली फरशीवर बसून हसायलाच लागली होती. मानसिंगरावांनी विचारलं, तिनं पोटॅशपासून पुडीपर्यंत सगळं सांगितलं आणि तेही उपरण्यानं डोळे पुसत हसायला लागले. रविंद्र दिवाणावर तसाच. उतरावं तर तोंड कसं दाखवायचं, न उतरावं तर किती वेळ उभं राहायचं? शेवटी त्यालाही हसू फुटलं. आधी कसनुसं, मग खरंखुरं.

"आता औषध कुठलं मारायचं, सांगा," करुणा म्हणाली.

झोपेतही औषधाचं प्रमाण सांगणारा माणूस रांगणाऱ्या लेकीकडं, पायलकडं बघायला लागला. घरात लहान मूल, फवारा कसा मारणार? मग करुणानं कात्रीनं अळ्यांसकट पानं कापून स्टीलच्या डब्यात टाकली, संध्याकाळी दोघं लुनावरून कालव्यावर गेली आणि रानअळूच्या गर्दीत डबा उपडा केला. म्हणजे करुणानं केला. रविंद्रनं लुना सांभाळली.

ते बी नव्हतं, अळ्यांच्या लेंड्या होत्या, हे विजयमालाबाईंना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या म्हणाल्या, "काही का असेना भाऊ, मिरची मात्र जोमात आहे."

पुढच्या आठवड्यात वरकुट्यात सभा होती. रविंद्रच्या आधीच गोष्ट तिथं पोचलेली. तो बोलायला उभा राहिला तर माणसं माना खाली घालून हसताहेत.

"मानसिंगरावांनी सगळं सांगितलेलं दिसतंय," तो म्हणाला. "सापाचंही?"

"त्येच तर आदी सांगितलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग रविंद्रनं आपणच सगळं रंगवून सांगितलं, दिवाणावरची उडीसुद्धा करून दाखवली. लोक मोकळे झाले. कुणी सांगितलं, आमीबी आदी खतच टाकलं व्हतं. कुणी आपली फसलेली फवारणी सांगितली.

सभा उठल्यावर द्वारकाबाई पुढं आल्या. एरवी त्या मागं बसून गुपचूप निघून जायच्या.

"सायेब, माज्या भेंडीत येता का जरा?"

भेंडी रस्त्याकडेलाच होती. बाई बांधावरच थांबल्या, एका झाडाकडं बोट केलं आणि पदर तोंडाला लावला.

"तुमीच उलटा पान. मला लई शिसारी येती अळीची. घरात कुनाला सांगितलं न्हाय, हसत्याल. तुमीबी तसलंच, म्हनून बलावलं."

रविंद्रला आता मागं फिरता येईना. त्यानं खिशातलं पेन काढलं, हात शक्य तितका लांब केला आणि पान उलटलं.

"हाय का?" बांधावरून द्वारकाबाईंनी विचारलं.

"थांबा," तो म्हणाला, "अजून डोळे उघडले नाहीत."