हबमधली टिंबं

बेअरिंगच्या छर्‍यावर खड्डा आहे, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढासा, पण तळहातावर घोळवला की नेमका तिथं अडखळतो, आणि या एवढ्याशा खड्ड्यापायी मागचं अख्खं चाक डुगडुगतं... तिनं तो डब्यात फेकला. टण्णकन वाजला.

गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसलेले बाबा म्हणाले, "हळू."

हळू म्हणे! वर्षभराचे रविवार तिनं बाबांच्या या जुन्यापुराण्या मोटरसायकलपायी घातले होते. टाकीचा गंज काढला, इंजिन उघडून पुन्हा बांधलं, वायरिंग नव्यानं ओढलं. आणि काल धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा बाबा त्याला काय सांगत होते? "ताई पुसपास करतेय. उद्या येऊन घेऊन जा." पुसपास! गाडी त्याच्या नावावर, जुन्या गाड्यांच्या फेरीत मिरवणार तो, आणि ताई आपली फडकं मारणारी. नेऊ दे, खुशाल नेऊ दे, मला गाडी नकोच आहे... मला फक्त बाबांनी एकदा, त्याच्या तोंडावर म्हणायला हवंय की हे हिनं केलं. एवढंच. एवढंसुद्धा जड जातं माणसाला?

आठवडाभर ती उंच इमारतींच्या लिफ्ट तपासते. तिच्या सहीवर भरवसा ठेवून अनोळखी माणसं निवांत वर जातात. घरात मात्र — ताईच्या हाती गाडी देऊ नका, बुडवेल! कॉलेजात असताना एकदा, धाकट्याची परीक्षा म्हणून, तिनं त्याच्या वाटणीची हीच गाडी पाइप लावून धुतली होती. थोड्याच दिवसांत चाक डुगडुगायला लागलं. बाबांनी चाक उघडलं, बंद केलं, आणि जेवताना निकाल दिला: बेअरिंगमध्ये पाणी शिरलंय. झालं! तेव्हापासून घरातलं काहीही बिघडो, मिक्सर, घड्याळ, कुणाचं पोट, "ताईनं धुतलं असेल." हिच्या सासरच्यांनाही पहिल्याच भेटीत ऐकवलं, सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. तीही हसली होती... का हसले मी? आणि त्यानंतर पान्याला हात लावायची सोय उरली नाही. आता अर्धांगाच्या झटक्यानं बाबांचा उजवा हात निकामी झाला, धाकट्याला वेळ नाही, म्हणून ताई.

तिनं चाक उलटं करून लाकडी ठोकळ्यांवर आडवं टाकलं. दुसर्‍या बाजूचं बेअरिंग काढायचं राहिलं होतं. आतली नळी जराशी सरकवून बेअरिंगच्या कडेला बोथट सळई टेकवली. एक टोला इकडून, एक तिकडून, म्हणजे तिरकं होत नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. बाबा धाकट्याला शिकवायचे तेव्हा हिनं दारामागून ऐकलं होतं. चाकाच्या मध्यावरचा हब तापवायला गरम हवेचा ब्लोअर तयार होता, नवी बेअरिंगं सकाळपासून फ्रीजरमध्ये. हब गरम, बेअरिंग गार, मग ते मुकाट्यानं आत जातं, घाव घालावे लागत नाहीत. पण ब्लोअर लावायची वेळच आली नाही. जुनं बेअरिंग दोन टोल्यांत निसटून खाली पडलं.

इतकं सैल?

बेअरिंग बसतं त्या खोबणीत तिनं बोट फिरवलं. खरखरीत लागलं. बॅटरीचा उजेड धरला... टिंबं. खोबणीच्या भिंतीवर टोकदार पोलादी पंच ठोकून उठवलेली टिंबं. खोबण सैल झाली की लेथवर नेऊन आत बुश, म्हणजे धातूचं कडं, घालायचा, हा खरा इलाज. आणि टिंबं ठोकायची ही फसवाफसवी, कारण त्यांचे उंचवटे बेअरिंगला चार दिवस धरतात, मग झिजतात, आणि चाक पुन्हा मूळ पदावर. दुसर्‍याच्या गाडीत अशी टिंबं सापडली की बाबा भडकायचे. हा मेकॅनिक नाही, भामटा आहे भामटा!

धाकट्या! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडी धुतली त्याच्या आधीच यानं बेअरिंगं बदलली होती, पहिल्यांदा, एकट्यानं, न तापवता, हातोड्यानं बडवून — पाठ थोपटून घेतली सगळ्यांकडून, आणि मी आत सगळ्यांचा चहा गाळत होते. खोबणीची वाट लावली, वरून टिंबं ठोकली, आणि जेवताना माझ्याकडे बघून खिदळत बसला मेला! तिनं फोन उचलला. आज सोडत नाही. आज असा सोलून काढते...

बोट नंबरावर थांबलं.

टिंबं एकसारखी होती. सारख्या अंतरावर, सारख्या खोलीची, एकही रेषेबाहेर नाही. धाकट्याला भिंतीत साधा खिळा सरळ ठोकता येत नाही.

ती उभी राहिली. चाक छातीशी धरून दारापर्यंत आली, ग्रीस सगळं अंगाला लागलं, लागू दे. चाक बाबांच्या पुढ्यात टेकवलं, खोबणीत बॅटरी मारली.

"बाबा, पाणी शिरलं होतं ना?"

बाबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चांगला हात पुढं करून टिंबांवरून एक बोट फिरवलं, आपलं काम नीट झालंय ना हे बघावं तसं.

"खचला असता तो," ते म्हणाले. शब्द ओढत होते, पण आवाजात कुठं काही हललं नव्हतं. "पहिलंच काम त्याचं. परत कधी हात लावला नसता."

"आणि मी?"

"तुझं काय... तू सोसतेस गं." आणि लगेच, जणू विषय संपला, "उद्या येतोय तो. घाल चार टिंबं, बसेल घट्ट. ठोक तू, आवाजावरून सांगतो मी."

आवाजावरून. बेअरिंग तळाला टेकलं की टोल्याचा आवाज बदलतो, भरीव होतो, आणि बाबा न बघता म्हणतात, "बसलं." धाकट्याला म्हणायचे. आज हिला म्हणणार होते. या एका शब्दासाठी वर्षभर...

तिनं फ्रीजरमधून बेअरिंग आणलं. खोबणीत नुसतं सोडलं तरी तळाला गेलं. बोटानं बाहेर काढलं. पंच हातात घेतला. तिला एकसारखी टिंबं जमली असती, बाबांसारखीच, हात त्यांचाच तर आहे — या विचारानं ती इतकी संतापली की पंच ठेवून दिला. धाकट्यावरचा राग मघाशी होता तिथं आता तिला काहीच सापडेना. आणि तो शब्द... तो शब्द कुणाचा होता? ज्यानं खोटं पचवलं, जेवणासोबत, आपल्याच लेकीच्या ताटाशेजारी बसून... त्याच्या "बसलं" म्हणण्याला मी जीव लावून बसले होते.

बेअरिंग मुठीत धरून ती तशीच उभी राहिली. त्याच्यावर दव धरलं, ओघळलं. लोखंड हळूहळू तळहाताच्या उबेला येऊ लागलं. पंच ठोकळ्यावर पडून होता. दारातल्या खुर्चीत बाबा मान कलती करून, डोळे मिटून, कान देऊन बसले होते.

"बसलं का गं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी हाक मारायची आणि हिनं असेल तिथून ओ द्यायची, असं आजवर चालत आलेलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ओ घशाशी आली होती. तिनं ती तिथंच ठेवली.

"ताई?"

ऐकत बसू दे.