विश्वनाथरावांचा तांब्या

आमच्या घरी देव्हाऱ्यापेक्षा शोकेसला मान जास्त होता. भोपाळमधल्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये जागा ती केवढी! पण बाबांनी दर्शनी भिंतीवर काचेचं कपाट करून घेतलं आणि त्यात एकच वस्तू ठेवली. आजोबांचा, म्हणजे विश्वनाथरावांचा, तांब्या. विदर्भातल्या आमच्या गावी आजोबा तो ओसरीवर भरून ठेवत. कुठल्याही जातीच्या माणसाने यावं, उचलावं, प्यावं. त्यापायी गावाने त्यांना वाळीत टाकलं. आल्यागेल्याला बाबा ही हकीकत ऐकवत आणि ऐकवताना आपणच गावाशी भांडून आल्यासारखे दिसत. तांबं काळं पडू नये म्हणून त्यांनी त्यावर वॉर्निशही चढवलं होतं.

एका रविवारी तुलसीनगरहून नीळकंठराव आले. मराठी मंडळाच्या गणपतीत बाबांची त्यांच्याशी ओळख झाली होती. ते मूळचे आमच्याच गावचे. त्यांचं ऑफिस नागपूरहून भोपाळला हललं तेव्हा इकडे आलेले. त्या तांब्यातून गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं जे पोर सर्वांत आधी पाणी प्यायलं, ते पोर म्हणजे हेच.

आईने ट्रेमधून पाणी आणलं. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. कपाटाकडे बघत म्हणाले, “आज त्यातूनच घोटभर मिळेल का?”

बाबा गडबडले. “अहो, त्याला वॉर्निश आहे.” एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही. “आणि हात लागले की डाग पडतात.”

मला बाबांचा इतका राग कधीच आला नव्हता. नीळकंठरावांनी पेला उचलून पाणी संपवलं, हवापाण्याचे चार शब्द बोलले आणि निघाले. दार लागल्यावर आईने बाबांना त्यांचंच वाक्य पुन्हा ऐकवलं. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी शेजाऱ्यांकडून थिनर आणलं, मग चिंच लावली, बोटं सोलवटेपर्यंत तांब्या घासला. संध्याकाळी तो भरून माझ्या मांडीवर दिला आणि मला स्कूटरवर मागे बसवून तुलसीनगरला नेलं.

नीळकंठरावांनी आम्हाला आत घेतलं, चहा सांगितला. बाबांनी तांब्या पुढे केला. नीळकंठरावांनी तांब्यावरून हात फिरवला आणि तो हळूच परत बाबांकडे सरकवला.

“भालचंद्रराव, तुमच्या वडिलांनी मला मागायला लावलं नव्हतं.”

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. भरलेला तांब्या तसाच मांडीवर घेऊन मी बाबांच्या मागे बसून परत आले.