खालच्या अंगाची बोअर

"भरलेली किटली मोरीत वतलीस?" मरे लेकीवर ओरडला. "माझ्या बापानं बोअर पाडल्यापास्नं ह्येच पानी पितोय आपुन. मेलं का कुनी?"

ब्रायरला सातवा महिना होता. बापाकडं न बघता ती म्हणाली, "आज्याच्या गाई किती होत्या, बाबा? आन् तुमच्या किती हाईत?"

मरेनं टोपी उचलली आणि दार आपटून गोठ्याकडं गेला. बाहेर वायव्येचा गरम वारा सुटला होता. गाळवट, गोट्यांची जमीन ती. वर पडेल ते सरळ खाली झिरपायचं, मग ते पाणी असो, युरिया असो, नाहीतर गाईंचं मूत. सुईणबाईनं बजावलं होतं, "पाण्यात नायट्रेट वाढलंय. बाळाच्या दुधात हे पाणी घालायचं नाही. पोर निळं पडतं."

मरे मनानं वाईट नव्हता. संध्याकाळी शहरातनं गाळणी बसवलेला पाण्याचा जग घेऊन आला. "घे, पोरी. दुकानदार म्हनला, झऱ्यावानी पानी देतंय."

पाणी गोड लागलं खरं. पण मरेची बायको नोलीन पडली आई. त्या जगमधलं पाणी बाटलीत भरून ती गावच्या हॉलात गेली. तिथं पाणी तपासून देत होते. तपासणाऱ्या पोरीनं मान हलवली.

"काकू, ह्यानं वास जातो, नायट्रेट न्हाई जात. साखरेवानी इरघळल्यालं असतंय त्ये."

"मग उकळून घिऊ?"

"उकळून तर आनिक दाट हुतंय. सिंकखाली आरओ बसवा, न्हाईतर बोअर खोल न्या. पर खालचं पानी तरी चांगलं निघंल ह्याची खात्री कोन देनार?"

नोलीननं आरओ ठरवलं. मरेनं नाक मुरडलं, पण बसवलं त्यानंच, गुडघे टेकून, अख्खी दुपार. नळ बारीक धारेनं वाहायला लागल्यावर हात पुसत म्हणाला, "कुनापाशी बोलायचं न्हाई. लोक म्हनतील, मरेच्या गाईंनी पानी नासवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आन् नासवलं न्हाई का?" नोलीननं विचारलं.

तो पाने-पकडी गोळा करायला लागला.

आठवडाभरानं एल्सा आली. उताराला, खालच्या अंगाला तिचं घर. म्हातारीची नात बाळंत होऊन तिच्याकडंच राहिलेली, तान्ह्याला बाटलीचं दूध. एल्सा दारातच उभी राहिली.

"मरे, लोक पान्याचं कायबाय बोलत्यात. तुझं-माझं पानी एकाच जमिनीतलं. तुमी काय करताय?"

"आमी?" मरे हसला. "त्येच पितोय की. काय हुत न्हाई, एल्साकाकी."

नोलीन तिथंच उभी होती. सिंकखालच्या दारावर तिची नजर गेली. एल्सा हायसं वाटून निघून गेली.

रात्रभर नोलीनला झोप आली नाही. सकाळी आरओच्या पाण्याचा कॅन भरून ती उतार उतरली. आत तान्हं रडत होतं. दारात उभ्या उभ्याच तिनं एल्साला सगळं सांगून टाकलं.



"म्हंजे काल त्यो खोटं बोलला, आन् तू आयकत हुतीस."

"व्हय."

"राती दोनदा बाटली दिली गं त्या पान्याची." म्हातारीनं कॅनकडं बोट दाखवलं. "तुमच्या गाई माझ्या बोअरीत मुतनार, आन् तू मला चाळून आनून देनार? आडातच घान, तर पोहरा घासून काय उपेग?"

नोलीननं कॅन पायरीवर ठेवला. एल्सानं तो उचलला.

"लेकरासाठी घेतीया. तुझ्यासाठी न्हाई. आन् आत यिऊ नगंस."

घरी येऊन नोलीननं मरेला सांगितलं. तो रागावला, मग युरियाची गाडी जोडायला गेला. गवत वाढायला हवं होतं.

त्यानंतर नोलीन रोज कॅन नेते. एल्सा दार उघडत नाही. पायरीवर आदल्या दिवसाचा रिकामा कॅन उलटा ठेवलेला असतो. नोलीन तो उचलते, भरलेला ठेवते, आणि चढ चढून परत येते. वाटेत दोन्ही अंगांना तिच्याच गाई हिरव्यागार गवतात चरत असतात.