ओल्या पॉलिशवरची पाच बोटं

मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा मुठीत नेमका बसला होता, अंड्याएवढा, कोमट, आणि मजूर झुंबर तो लाकडावरून गोल गोल फिरवत होता, न थांबता, कारण लाखेच्या पॉलिशमध्ये हात थांबला की डाग पडतो. हात थांबवायचा नाही... वर टाकीच्या कामावरही हेच सांगायचे, फळीवर पाय थांबवायचा नाही, थांबलं की खाली बघावंसं वाटतं. बन्सी थांबला होता का? ते आठवायचं नाही. हे कपाट संपवायचं, मग पलीकडचं बाक.

कुणा परदेशी इंजिनिअरने मागे सोडलेली ही चाकांवरची खोली ठेकेदाराने चिंचणीच्या वाटेला, सुरूच्या झाडांत आणून उभी केली होती. आत सगळं लाकूड, छतसुद्धा. वर जुन्या वॉर्निशचे पोपडे. पॉलिश कुणाला येतं, असं मुकादम एकनाथने विचारलं तेव्हा सगळ्यांआधी झुंबरचा हात वर गेला. बीडकडे चुलत्याच्या हाताखाली त्याने देव्हारे चकचकीत केले होते, ते काही खोटं नव्हतं. पण हात वर गेला तो त्यासाठी नव्हे. बेटेगावच्या पाण्याच्या टाकीचं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या, ठोकताना शेजारच्या फळीवरून बन्सी पडला, तेव्हापासून झुंबरला वर चढवत नव्हतं. आजारपण, गावची जत्रा, सगळ्या सबबी सांगून झाल्या होत्या. खरं कारण त्याने बायकोला, सोजराबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"सांजच्याला येतो. तोंड दिसलं पायजे त्यात," एकनाथ म्हणाला होता. "दिसलं तर तू खालीच, वर्कशॉपात. न्हाईतर उद्या टाकीवर."

आणि तोंड दिसत होतं, ऊन कलायच्या आतच. लालसर लाकडात स्वतःचा चेहरा बघून त्याला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. लवकर वाळावं म्हणून त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. चुलता असंच करायचा, गावाकडचा कोरडा वारा तासाभरात पॉलिश काचेसारखं कडक करायचा. पाणी घेऊन आलेली इथल्याच पाड्यावरची जिवली दारातच थांबली.

"खिडक्या लाव, दादा. सांजचा दर्यावरचा वारा ओला हाय. चुलीपाशी मीठ पन पाघळतं."

"मीठ येगळं, लाकूड येगळं," तो म्हणाला. ती हंडा ठेवून गेली.

मग तो बाकाला भिडला, आणि वळून बघतो तर कपाटातला चेहरा गेलेला. पांढरट धुरकट काहीतरी, काचेवर तोंडची वाफ धरावी तसं, वरपासून खालपर्यंत. त्याने पुसलं. जाईना. खिडक्या धडाधड लावल्या, बोळ्यावर स्पिरिट ओतलं आणि तो घासत सुटला... पांढरं विरघळू लागलं, लाकूड परत लाल झालं, पण ओलं, बोट लावलं तर उमटेल इतकं ओलं. कोंडलेल्या वासाने डोळे चुरचुरत होते. अजून थोडा वेळ दे, एकनाथभाऊ. अर्धा तास उशिरा ये.

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. एकनाथने पायरीवर पाय ठेवला आणि स्प्रिंगांवरची ती जुनी गाडी एका अंगाला कलली — जराशीच — पण झुंबरच्या पायाखालून फळी गेली, टाकी गेली, बन्सीचा निळा सदरा खाली खाली... भान आलं तेव्हा त्याने कपाट घट्ट धरलेलं होतं. ओल्या पॉलिशवर पाच बोटं, तळव्यासकट.

"काय रं? गाडी हालली म्हून एवढं?" एकनाथ हसला. मग झुंबरच्या पायांकडे बघून हसायचा थांबला.

पाय घसरला म्हणावं. स्पिरिट चढलं म्हणावं. जिभेवर सगळं तयार होतं. पण जमीन दोन हातांवर होती, आणि तरीही मी... म्हणजे ते भय वर राहिलंच नव्हतं. शिडीवरून माझ्याबरोबर उतरलं, इथे येऊन बसलं, वर्कशॉपातही येईल.

"मला वर चढवंना, भाऊ," तो म्हणाला. "बन्सी गेल्यापासनं."

एकनाथ त्या उमटलेल्या हाताकडे बघत राहिला.

बोळा अजून झुंबरच्या दुसऱ्या हातात होता. दोनचार फेरे मारले असते तर ठसा पुसला गेला असता, आणि हात थांबवायचा नसतो हे त्याला माहीत होतं. हात थांबला होता. पाय थरथरत होते, आणि आज पहिल्यांदाच तो त्यांना थरथरू देत होता.