झीज

सुवालालशेटनं फुलदाणी उपडी केली, तेव्हा तिच्यातून तीन चिंचोके, एक जोडवं आणि एक संतापलेला मुंगळा बाहेर पडला. मुंगळ्याला वाट देऊन शेटनं भिंग डोळ्याला लावलं.

एडवर्ड बादशहा गादीवर आला त्या सुमाराची गोष्ट. मंचरच्या पेठेत कापड विकणाऱ्या या माणसानं तरुणपणी मुंबईत एका पारशाच्या दुकानी चिनी भांडी पुसली होती. तेव्हापासून भांड्याचं वय तो घोड्याचे दात बघावेत तसं सांगे. पुण्याचा एक साहेब त्याच्या शब्दावर डोळे मिटून माल घेई.

सोपान अवसरीहून आला होता तो त्याचसाठी. फुलदाणी जुनी निघाली, की ती साहेबाकडे जाणार आणि बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चढणीवर, म्हणजे घाटात, पळवायला सोपानच्या दावणीला खिलारी खोंड येणार. मागं बसलेली त्याची बायको कुशाबाई मात्र भैरवनाथाला नवस बोलत होती: नवी निघू दे रे देवा. फुलदाणी तिच्या माहेरची. आई तिच्यात तोंड घालून हसायची, आणि ते हसू म्हणे पुढच्या बाजारापर्यंत आत घुमत राहायचं. आई जाऊन सात वर्षं झाली. कुशाबाई अजून अधूनमधून कान लावून बघे.

"खाली चिनी राजाचं नाव आहे," शेट म्हणाला.

"मंग जुनीच की!" सोपान उसळला.

"नाव काय, लबाडही लिहितो. ही तळाची कड बघा. इथं चकाकी नसते. नवी असली की बोटाला खरखरते. ही लोण्यासारखी झालीय. झीज कुणाला लिहिता येत नाही. दीडशे वर्षं तरी..."

"आमची आई रोज तिच्यावर विळ्याला धार लावायची," कुशाबाई बोलून गेली. "झिजंल न्हाई तर काय?"

सोपाननं वळून पाहिलं. "कवा बोल्ली न्हाईस ती!"

"तुमी कवा इचारलं?"

शेटनं बोरू तासायचा चाकू पुढं केला. "लावून दाखवा, वहिनी."

कुशाबाईनं पदर खोचला, फुलदाणी मांडीत उपडी घेतली आणि जन्मभर हेच केल्यासारखा चाकू कडेवर ओढला. असा कर्रकन आवाज झाला, की समोरच्या तांबटानं दात आवळले.

शेटनं फुलदाणी हाती घेऊन पुन्हा भिंग लावलं. कडेवर एक ताजी काळी रेघ उमटली होती. एकच. बाकी कड धुतल्या तांदळासारखी. शेटनं भिंगावरून कुशाबाईकडे पाहिलं.

"मलाबी बघू द्या की," सोपान वाकला.

शेटनं रेघेवर अंगठा ठेवला. "काय बघायचंय? विळ्यानंच झिजलीय. चाळीस वर्षांचा माल."

एका हातानं फुलदाणी तशीच धरून त्यानं बोरू दौतीत बुडवला आणि साहेबाला लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "अवसरीची फुलदाणी नवी आहे. येण्याची तसदी घेऊ नये."

"आन् माजा खोंड?"

"घरचा गोऱ्हा आहे ना? तोच पळव."

"त्यो व्हय? त्यो घाटात न्हाई, घराकडं पळतो, राव!"

पुटपुटत सोपान गाडी जुंपायला गेला. शेटनं फुलदाणी दोन्ही हातांनी कुशाबाईच्या ओटीत ठेवली. अंगठा उचलला तो तेव्हाच.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुमच्या आईचा हात फारच हलका होता हो."

कुशाबाईनं पदर तोंडाला लावला. गाडी अवसरीच्या वाटेला लागली, तरी तो हलतच होता.